पेडल स्टील गिटारचा आवाज पातळ, टोचरा किंवा खरखरीत येतो तेव्हा: तपासण्यांचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबईत पेडल स्टील वाजवणारे थोडे आहेत; हवाईयन गिटार मात्र अजून अनेक घरांत कपाटावर किंवा पलंगाखाली सापडते. पेडल स्टील हे हवाईयन गिटारचेच पुढचे रूप आहे. मांडीवरचे वाद्य पायांवर उभे राहिले, त्याला पायाने दाबायची पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर जोडले गेले, आणि तार वाजत असतानाच तिचा सूर बदलता येऊ लागला. दोन्ही वाद्यांवर दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणारी तक्रार बहुधा एकच असते: ध्वनिमुद्रणात ऐकू येतो तसा गोल, लांब टिकणारा नाद येत नाही. वाद्य घेऊन येणाऱ्याने बहुतेक वेळा नवा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) किंवा नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे आधीच ठरवलेले असते, आणि बहुतेक वेळा त्या दोन्हींची गरज नसते. दोष शोधताना ज्या क्रमाने जावे तो क्रम पुढे दिला आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही. शेवटच्या तपासण्यांना हत्यारे, अनुभव आणि कधी कधी दुसऱ्याचे हात लागतात.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे वरच्या तारा, विशेषतः तिसरी आणि चौथी, बाराव्या फ्रेटच्या (तारांखाली आखलेल्या खुणेच्या) पुढे कानाला टोचतात आणि त्यांची आस, म्हणजे छेडल्यानंतर टिकणारा नाद, लगेच मरते. दुसरे लक्षण म्हणजे बार (डाव्या हातात धरायचा धातूचा गोल दांडा) तारेवर ठेवताच बारीक खडखड ऐकू येते, पण तीच तार मोकळी छेडली की स्वच्छ वाजते. तिसऱ्या प्रकारात एक स्वर संपण्याआधी पुढचा सुरू होतो, मागचे सूर त्यात मिसळतात आणि सगळे गढूळ होते. चौथ्यात ट्यूनरवर प्रत्येक तार अचूक दिसते, तरीही तीन तारा एकत्र वाजवल्या की मेळ आंबट लागतो. यांखेरीज व्हॉल्यूम पेडल (सूर बदलणाऱ्या पेडलहून वेगळे, पायाने आवाज कमी-जास्त करायचे पेडल) हलवताना येणारी खरखर, ते पेडल अर्धे सोडल्यावर आवाज कोंदटणे आणि न वाजवतानाही येणारी घुमघुम ही लक्षणे आहेत. आपल्या वाद्यात यांपैकी नेमके कोणते लक्षण आहे ते आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण एकाच वेळी दोन दोष असणे मुळीच दुर्मिळ नाही आणि एक दुरुस्त झाल्यावर दुसरा विसरला जातो.

आधी दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवा

पहिला प्रयोग: बार बाजूला ठेवून प्रत्येक तार मोकळी छेडावी. मोकळी तार गोड वाजत असेल आणि बार ठेवल्यावर बिघडत असेल, तर दोष बार, डावा हात किंवा तारांच्या पातळीत आहे. विजेच्या बाजूकडे पाहण्याचे कारण उरत नाही. दुसरा प्रयोग: व्हॉल्यूम पेडल आणि इतर सर्व उपकरणे काढून, एकाच केबलने वाद्य थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडावे. आवाज एकदम खुलला, तर दोष मधल्या साखळीत आहे. या दोन प्रयोगांनंतर पुढच्या तपासण्यांपैकी निम्म्या बहुधा गळून पडतात, म्हणून ते टाळू नयेत.

उजवा हात

तार कुठे छेडली जाते यावर नादाचा पोत सर्वाधिक अवलंबून असतो. ब्रिजजवळ (उजव्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) छेडले की वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच सूर) वाढतात आणि आवाज पातळ होतो. पेडल स्टीलवर ब्रिजपासून नटपर्यंतची, म्हणजे डाव्या टोकाच्या आधारापर्यंतची, तार साधारण २४ इंच असते, म्हणजे चोविसाव्या फ्रेटची खूण ब्रिजपासून ६ इंचांवर येते. बार बाराव्या फ्रेटवर असताना वाजणारी तार १२ इंच उरते आणि चोविसावा फ्रेट तिच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे छेडल्यास सर्वांत गोल, किंचित पोकळ नाद मिळतो. हात तिथून ब्रिजकडे एक-एक इंच सरकवत तीच तार वाजवत जावी आणि कोणत्या जागी नाद भरीव लागतो ते कानाने ठरवावे. गिटारवरून या वाद्याकडे आलेल्या अनेकांचा तळहात ब्रिजला चिकटलेला असतो, आणि त्यांच्या तक्रारीचा मोठा भाग इथेच मिटतो.

सूर मिसळून गढूळ होत असतील तर दोष तारा बंद करण्याच्या सवयीत आहे. छेडलेली तार पुढच्या स्वराआधी तळहाताच्या कडेने किंवा पिक (नखी) लावलेल्या बोटानेच थांबवावी लागते. हा सराव अत्यंत संथ लयीत, तबल्याच्या किंवा मेट्रोनोमच्या ठेक्यावर, एका स्वरानंतर एक मात्रा पूर्ण शांतता ठेवून करावा. शांततेच्या त्या मात्रेत काही ऐकू आले, तर अजून तारा सुटलेल्या आहेत असे समजावे.

डावा हात आणि बार

बार दाबायचा नसतो; त्याच्या वजनाने त्याला काम करू द्यायचे असते. दाब कमी पडला तर खडखड येते, जास्त झाला तर तार खाली दबून सूर चढतो आणि नाद बोथट होतो. बारमागे करंगळी आणि अनामिका तारांवर हलकेच लोळत राहिल्या पाहिजेत, कारण नट आणि बार यांच्यामधला तारेचा तुकडादेखील वाजतो आणि त्याचा बेसूर झंकार मुख्य स्वरात मिसळतो. त्या दोन बोटांचा विसर पडला की चांगल्या वाद्याचा आवाजही स्वस्त वाटतो.

फ्रेटची रेषा बरोबर वरून पाहावी. तिरपे पाहिल्यास बार रेषेवर दिसतो आणि प्रत्यक्षात पुढे किंवा मागे असतो. कंप देताना बार सरकवण्यापेक्षा बोटांखाली लोळवावा, आणि त्याची गती सावकाश असावी. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारवर रागसंगीत वाजवले. ते वादन ऐकलेल्या कानाला मींडेच्या शेवटी स्वर कसा स्थिर बसतो हे वेगळे सांगावे लागत नाही. बहुतेक नवशिके स्वरावर पोहोचण्याआधीच कंप सुरू करतात, आणि त्यामुळे स्वर कधी बसतच नाही.

व्हॉल्यूम पेडलवरचा पाय

आस लवकर मरते अशी तक्रार असेल तर हा भाग दोनदा वाचावा. पेडल स्टीलचा लांबणारा स्वर तारेतून जितका येतो, तितकाच पायातून येतो. तार छेडताना पेडल साधारण अर्धे उघडे ठेवायचे आणि तारेचा आवाज उतरत जाईल तसे ते हळूहळू उघडत न्यायचे, म्हणजे छेडण्याचा ठोका मऊ होतो आणि स्वराची पातळी बराच वेळ स्थिर राहते. पेडल पहिल्यापासून पूर्ण उघडे असेल, तर ठोका सर्वांत मोठा ऐकू येतो आणि नंतर उघडण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. त्या मोठ्या ठोक्यालाच लोक टोचरा आवाज म्हणतात आणि पिकअप बदलायला निघतात.

यासाठी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज नेहमीपेक्षा वर ठेवून पेडल अर्ध्यावर वाजवावे लागते. इमारतीत हे संध्याकाळी शक्य नसते, हे खरे. पण पेडल उघडे टाकून कमी आवाजात केलेला सराव चुकीच्या सवयीचा सराव ठरतो. हेडफोन लावता येईल असा प्रिअ‍ॅम्प हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

अ‍ॅम्प्लिफायरची बटणे आणि खोली

सर्व बटणे मध्यावर आणून सुरुवात करावी. ब्राइटचा स्विच असल्यास तो बंद ठेवावा आणि ट्रेबल मध्यापासून खाली आणत जावे. ई-नाईन या प्रचलित जुळणीत तिसऱ्या तारेचा जी-शार्प बाराव्या फ्रेटवर सुमारे ८३० हर्ट्झला वाजतो. पीव्ही नॅशव्हिल ४०० सारख्या, याच वाद्यासाठी पसंत केल्या जाणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर मध्यम पट्टा ८०० हर्ट्झच्या आसपास ठेवून थोडा कमी करण्याची जी जुनी रीत आहे, तिचा उपयोग नेमका याच भागात जाणवतो. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरवर असे बटण नसेल तर मिडल थोडे उतरवावे, मात्र फार नाही, कारण मधला भाग पूर्ण गेल्यावर वाद्य इतर वाद्यांच्या मागे दडते.

पेडल स्टीलचा पिकअप नेहमीच्या गिटारच्या पिकअपपेक्षा बराच जोरकस असतो. त्याच्या वेटोळ्याचा रोध साधारण १५ ते २० किलोओहम असतो, तर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या पिकअपचा ६ किलोओहमच्या आसपास. त्यामुळे लहान सराव-अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला टप्पाच फाटू लागतो. दोन इनपुट असतील तर कमी संवेदनशील इनपुट वापरून पाहावे. लहान स्पीकरचा दहा-पंधरा वॉटचा अ‍ॅम्प या वाद्याला पुरत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. कीबोर्डसाठी बनवलेला जुना अ‍ॅम्पदेखील त्याहून बरा ठरतो.

अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवर, वादकाच्या मागे ठेवलेला असतो आणि स्पीकरचा तीव्र भाग सरळ रेषेत पुढे जातो. तो वादकाच्या पोटरीवर आदळतो, कानापर्यंत पोहोचत नाही. वादक मग ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान फोडतो. अ‍ॅम्प स्टुलावर ठेवावा किंवा मागे कलता करावा आणि मगच बटणांना हात लावावा. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा घणसोली-ऐरोलीच्या नव्या इमारतींमध्ये गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि मोठ्या काचा असतात. तिथे एक सतरंजी आणि एक जाड पडदा जो फरक पाडतो, तो दुकानातल्या कोणत्याही उपकरणाने पडत नाही.

कार्यक्रमात वाद्याची केबल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली जाते, ही आणखी एक नेहमीची गोष्ट. अशा इनपुटचा रोध चुंबकीय पिकअपसाठी फार कमी असतो, त्यामुळे आवाज दबतो आणि निर्जीव होतो. मध्ये सुमारे १ मेगाओहम इनपुट असलेला डीआय बॉक्स (पिकअपचा संकेत मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) घ्यावा. साउंड पाहणाऱ्यांकडे तो असेलच असे गृहीत धरू नये.

सूर: ट्यूनर बरोबर आणि मेळ चूक

ट्यूनर समसप्तकात, म्हणजे बारा समान भागांत वाटलेल्या सप्तकात, मोजतो. त्यातला गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे त्या बारा भागांपैकी एकाचा शंभरावा भाग). तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार ज्याने ऐकला आहे, त्याला हा फरक लगेच जाणवतो. ई-नाईनमध्ये ई हा षड्ज धरला तर तिसरी आणि सहावी तार गांधार आहे. ट्यूनरवर त्या शून्यावर ठेवल्यास ई तारेबरोबर कंपने (आवाजाचे लहरत चढणे-उतरणे) उठतात आणि तोच टोचरेपणा म्हणून ऐकू येतो. आधी ई तारा ट्यूनरवर लावाव्यात आणि जी-शार्प कानाने खाली आणत कंपने थांबतील तिथे ठेवावा. पहिल्या पेडलने येणारा सी-शार्पदेखील ए या स्वराचा गांधार आहे, म्हणून त्यालाही हेच लागू होते. इतर वाद्यांबरोबर वाजवताना काही वादक पूर्ण १४ सेंट न उतरवता मधली जागा धरतात, आणि तेही योग्यच आहे.

पेडल दाबल्यावर वाद्याचा सांगाडा ताणाखाली किंचित वाकतो आणि इतर तारा काही सेंट उतरतात. थोडी घसरण प्रत्येक वाद्यात असते. ती कानाला खटकण्याइतकी असेल तरच पुढे जावे.

पिक, तारा, बार

इथून थोडा खर्च सुरू होतो. धातूच्या फिंगरपिकची कड तारेला आधी लागत असेल तर प्रत्येक स्वरापूर्वी खरवडल्यासारखा आवाज येतो. पिकचे पाते वाकवून त्याचा सपाट भाग तारेला लागेल असे करावे. अंगठ्यासाठी प्लॅस्टिकचा पिक बरा.

तारांखालून नख फिरवावे. खडबडीतपणा किंवा खाच लागली तर तार बदलावी. खाडीच्या हवेत, आणि विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, न वापरलेली तारही गंजते, म्हणून वादनानंतर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसून वाद्यावर आच्छादन घालावे. ई-नाईनचा संच साधारणतः ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, ०.०२६, ०.०३०, ०.०३४ आणि ०.०३६ इंच अशा जाडीचा असतो. तिसरी तार सर्वांत बारीक असते आणि तीच सर्वांत जास्त तुटते, म्हणून तिच्या सुट्या तारा घरात ठेवाव्यात. दहा तारांचा तयार संच जवळपास मिळाला नाही तर सुट्या तारा जुळवता येतात. गिटारचा सहा तारांचा संच कसातरी बसवू नये, कारण ताण बदलला की पेडलची सर्व जुळणी बिघडते.

बारवर बोट फिरवून ओरखडे आणि टवके पाहावेत. नेहमीचा बार सुमारे ७/८ इंच व्यासाचा, ३ ते सव्वातीन इंच लांब आणि २०० ग्रॅमच्या आसपास असतो. हवाईयन गिटारचा हलका बार किंवा काचेची नळी दहा तारांवर वापरली तर नाद पातळच येणार. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या एखाद्या लेथवर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस सळईचा बार वळवून घेता येतो. एक टोक अर्धगोल करायला सांगावे आणि बफिंग आरशासारखे होईपर्यंत करून घ्यावे. पॉलिशमध्ये कसर राहिली तर तारेवर सळसळ ऐकू येते, तेवढे तिथेच उभे राहून पाहून घ्यावे.

केबल आणि व्हॉल्यूम पेडलचा पॉट

केबल दोन्ही टोकांना हलवून पाहावी आणि खात्रीच्या केबलशी तुलना करावी. जास्त रोधाच्या पिकअपला लांब केबल मानवत नाही, कारण केबलच्या धारितेमुळे वरचे स्वरांश गळतात.

पेडलमधली खरखर पॉटची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधकाची असते. वाद्य थेट जोडल्यावर ती गेली, तर निदान पक्के झाले. आधी इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत थोडासा मारून पेडल वीस-तीस वेळा चालवावे. घरातले गंजरोधक तेल मारू नये, कारण त्याचा थर आत राहतो आणि खरखर काही आठवड्यांत परत येते. तरीही न गेल्यास पॉट बदलावा. लागतो तो ५०० किलोओहमचा, ऑडिओ टेपरचा, ज्यावर बहुधा ए-५००-के असे लिहिलेले असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पॉट सहज मिळतात, पण बी अक्षराचा लिनियर पॉट हातात पडणार नाही हे पाहावे. तो बसवला तर सगळा आवाज पेडलच्या सुरुवातीच्या इंचभर हालचालीतच उसळतो आणि पायाला ताबा उरत नाही. अनेक पेडलमध्ये पॉट दोरीने फिरतो. दोरी काढण्यापूर्वी तिच्या वेढ्यांचा फोटो घ्यावा.

पेडल अर्धे सोडल्यावर आवाज कोंदटत असेल आणि खरखर नसेल, तर पॉट चांगला आहे. वाद्य आणि पेडल यांच्यामध्ये एक बफर (पिकअपवरचा भार कमी करणारे छोटे उपकरण) लावला की हा दोष जातो.

घुमघुम

वाद्य जरा फिरवून पाहावे. दिशा बदलल्यावर घुमघुम कमी-जास्त झाली, तर ती हवेतून येते; जवळचे एलईडी ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि चार्जर एकेक करून बंद करावेत. प्लगच्या धातूला हात लावल्यावर ती बदलली, तर अर्थिंगची जोडणी संशयास्पद आहे. अनेक जुन्या सोसायट्यांत तीन पिनचे सॉकेट असते, पण अर्थची तार कुठेच पोहोचलेली नसते. घुमघुम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कधीही काढू नये.

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ येते. मध्ये लावलेल्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरला आउटपुटच्या बाजूने अर्थ आहे का, आणि त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या वॉटेजपेक्षा पुरेशी जास्त आहे का, हे पाहावे. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून तासाभराने हात लावून पाहणे शहाणपणाचे.

पिकअप आणि चेंजर

तारांपासून पिकअपचे अंतर सुरुवातीला साधारण ३ मिलिमीटर ठेवावे आणि स्क्रूच्या पाव फेऱ्यांनी बदलत जावे. फार जवळ आणल्यास आवाज मोठा आणि कडक होतो. मल्टिमीटरने जॅकवर रोध मोजता येतो: १५ ते २० किलोओहम दिसल्यास वेटोळे शाबूत आहे, काहीच न दिसल्यास तार तुटली आहे, आणि शून्याजवळ दिसल्यास जॅकमध्ये शॉर्ट आहे. जॅकचा सोल्डरचा डाग घरी देता येतो.

एखादी मोकळी तार जवारी काढल्यासारखी झणझणत असेल, तर चेंजरच्या (पेडल दाबल्यावर तारेचा ताण बदलणाऱ्या, ब्रिजच्या जागच्या यंत्रणेच्या) बोटावर, म्हणजे तार ज्या गोल धातूवरून जाते तिथे, खाच पडलेली असते. बार ठेवल्यावर काही ठरावीक तारांवरच खडखड येत असेल, तर नटच्या रोलरवर तारांचे माथे एका पातळीत आहेत का ते सरळ पट्टी ठेवून पाहावे. पेडल सोडल्यावर सूर मूळ जागी परतत नसेल, तर खालच्या रॉडच्या टोकाची, सूर जुळवायची नायलॉनची नटे जास्त आवळली गेली असण्याची शक्यता असते. पाव फेरी सैल करून पाहावे. चेंजरला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो.

कुठे थांबावे

चेंजरच्या बोटावरची खाच घरी घासू नये. गोलाई बिघडली की ती तार पुन्हा कधीच स्वच्छ वाजत नाही. हे काम वाद्य उघडून बसवण्याचा अनुभव असलेल्याकडेच द्यावे. खालचे रॉड आणि बेलक्रँक (पेडलची ओढ रॉडपर्यंत नेणारे भाग) उतरवायची वेळ आली, तर प्रत्येक रॉडचे छिद्र नोंदवल्याशिवाय हात लावू नये, आणि नोंद करणे जमणार नसेल तर वाद्य तसेच बंद करून तज्ज्ञाकडे न्यावे. तुटलेले वेटोळे पुन्हा गुंडाळणे हेही त्याच प्रकारचे काम आहे.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उघडू नये. त्यात ४०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. जळका वास, वारंवार उडणारा फ्यूज किंवा घुमघुम अचानक दुप्पट होणे यांपैकी काहीही झाले, तर बटण बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. वाद्याला किंवा मायक्रोफोनला स्पर्श होताच झिणझिण्या आल्या, तर वादन तत्काळ थांबवून परवानाधारक वायरमनकडून घराचे अर्थिंग मोजून घ्यावे. ते होईपर्यंत त्या सॉकेटवर काहीही जोडू नये.

तज्ज्ञाकडे वाद्य नेताना सुरुवातीला लिहिलेला लक्षणांचा कागद, दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष आणि मल्टिमीटरचे आकडे सोबत द्यावेत, आणि आपली केबल व व्हॉल्यूम पेडलही न्यावे, कारण दोष त्यांतला असेल तर दुसऱ्याच्या केबलवर तो दिसणार नाही.